रेघ, रेषा, ओळ, रांग... आणि एकच लाइन

"इंग्रजीत एका शब्दात दहा कामं होतात, मराठीत दहा कामांना दहा शब्द पाठ करावे लागतात, म्हणून मराठी अवघड." हे विधान आमच्या नात्यातल्याच एका उच्चशिक्षित तरुणाने यंदा गणपतीत केलं. उदाहरण दिलं 'लाइन' या शब्दाचं. आरतीची वेळ झाली होती म्हणून मी गप्प बसले. आता सविस्तर लिहिते. बाळा, वाचत असशील तर रागावू नकोस.

आधी त्या शब्दाचं कूळ बघू. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या झाडाच्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्याच धाग्यावरून आलेला 'लिनिया' म्हणजे आपली लाइन. म्हणजे मुळात ती दोरी! आमच्याकडे गवंडी भिंत सरळ यावी म्हणून 'लाइनदोरी' बांधतात. त्यांना लॅटिन कुणी शिकवलं नव्हतं, पण शब्द नेमका मुळावर नेऊन ठेवला त्यांनी. (आता तो 'दोरीदोरी' झाला, ते सोडा.)

मला 'लाइन' या शब्दाचा राग नाही, हे आधीच सांगते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्यानंतर रुळांबरोबर हा शब्दही गावोगाव पोचला. सैन्याच्या आणि पोलिसांच्या वसाहतींबरोबर आला. मुंबईतलं मरीन लाइन्स हे नाव तिथल्या मरीन बटालियनच्या वस्तीवरून पडलं. पुढे विजेची लाइन आली. खेड्यात आजही वीज गेली की "लाइन गेली" म्हणतात. इंग्रजाला हे वाक्य सांगा, तो रूळ शोधायला धावेल! "पोरगं लाइनीला लागलं" हे तर अस्सल मराठी वाक्य आहे. त्या 'लाइनीला' कडे नीट बघा. ओळ, रेघ, रेषा, रांग, तार, दोरी या सगळ्या आपल्याकडे स्त्रीलिंगी, म्हणून नव्या पाहुणीलाही आपण स्त्रीलिंगी केलं, प्रत्यय लावले, घरात घेतलं. कॉलेजातली मुलं ती 'मारतात' सुद्धा, त्याबद्दल मी बोलत नाही.

भांडण आहे ते पाहुणीने घरातल्या सगळ्यांना बाहेर काढण्याबद्दल. आणि ते बाहेर जाणं म्हणजे सोय, असं आपलीच शिकलेली माणसं म्हणतात त्याबद्दल.

मी अनेक वर्षं पाचवी ते सातवीला शिकवलं. भूमितीत रेषा, रेषाखंड आणि किरण शिकवायचे असतात. रेषा दोन्ही बाजूंना न संपणारी, तिला जाडी नाही, म्हणजे ती कागदावर काढताच येत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे कसं पटवायचं? मराठीत सोपं होतं. मी सांगत असे, "फळ्यावर खडूने ओढली ती रेघ. तिच्यावरून तुमच्या मनात आली ती रेषा." रेघ ओढायला हात लागतो, हात थांबला की रेघ थांबते. रेषेला कुणी ओढणारा लागत नाही. म्हणून दारिद्र्यरेषा म्हणायचं, दारिद्र्यरेघ नाही. १९७२ च्या सिमला करारानंतर काश्मीरात नियंत्रण रेषा आली, ती रेघ नव्हे. उलट काळ्या दगडावर असते ती रेघच. हातावरच्या सुद्धा रेषाच, कारण त्या कुणी ओढलेल्या नाहीत. लक्ष्मणाचं काय, असं वर्गात एका मुलीने विचारलं होतं. हुशार पोर! लक्ष्मणाने ओढली ती रेघच असणार, पण तिचा अर्थ 'मर्यादा' झाला आणि तिची रेषा झाली.

इंग्रजी माध्यमातल्या मुलाला खडूची ती लाइन आणि न संपणारी तीही लाइन. त्याला फरक समजत नाही असं नाही, पण आमच्या मुलांना भाषेतून फुकट मिळालेली गोष्ट त्याला व्याख्या पाठ करून मिळवावी लागते. आता सांगा, पाठांतर कुणाला जास्त?

रांगोळीचं बघा. अकरा ठिपके, अकरा ओळी, मग रेघांनी जोडायचं. हे सगळं फक्त 'लाइन' म्हणून शेजारणीला सांगून पाहा, कुठल्या लाइनीतून कुठे लाइन काढायची यावरून भांडण होईल. माणसं उभी राहिली की रांग, जेवायला बसली की पंगत, अक्षरं बसली की ओळ. दीपावलीतली 'आवली' म्हणजे ओळच. नाटकात नट म्हणतात 'माझ्या लाइन्स', आमच्या वेळी ती वाक्यं होती. क्रिकेटमध्ये 'लाइन अँड लेंग्थ' ला मराठी समालोचनात 'दिशा आणि टप्पा' म्हणतात. तिथे लाइनची दिशा करायला डोकं लागलं असणार. आणि गंमत म्हणजे ज्यांनी आपल्यावर राज्य केलं ते इंग्रज रांगेला लाइन म्हणतच नाहीत, क्यू म्हणतात! लाइन म्हणतात ते अमेरिकन. माझ्या लहानपणी मुंबईत 'क्यू' ऐकू यायचा, तो कधी गेला कळलंही नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींबद्दलही. लाइन दिसली की डोळे मिटून 'रेषा' लिहिणारे. एका बँकेच्या मराठी संदेशात मला 'मदत रेषेवर संपर्क साधा' असं वाचायला मिळालं. हातावरच्या रेषांपैकी ही कोणती, ते ज्योतिषालाच विचारावं! मी शाखेत जाऊन काउंटरवरच्या मुलीला तो संदेश दाखवला. ती हसून म्हणाली, "आजी, ते कॉम्प्युटर आपोआप करतो." मी म्हटलं, "मग छापण्याआधी एकदा कुणी वाचत नाही का?" ती काही बोलली नाही. माझ्यामागे रांग वाढत होती, म्हणून मी पासबुक भरून घेतलं आणि निघाले.