छपरी चढली आकाशात

उंच इमारती आता निसर्गातून आणि लोकसंस्कृतीतून स्फुरू लागल्या आहेत, असे शहरातले विद्वान मोठ्या कौतुकाने सांगतात. २००४ साली पुरा झालेला तैपेईचा १०१ मजली मनोरा म्हणे बांबूच्या पेरांवर बेतलेला. बरे झाले, बांबूला मानधन मागता येत नाही!

आपल्याकडचे नामांकित उदाहरण म्हणजे मुंबईच्या कंबाला हिलवरची 'कांचनजंगा'. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ही इमारत १९८३ साली पुरी झाली. उंची ८४ मीटर, घरे अवघी ३२. मुंबईत सुखाचा वारा पश्चिमेचा. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडचेच. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडा फिरवून यावर तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंचीची गच्ची करून इमारतीच्या कोपऱ्यांत कोरला. काचांच्या आत यंत्राचा गारवा कोंडणाऱ्यांपेक्षा हा माणूस शतपटीने शहाणा, यात वाद नाही.

परंतु याला लोकसंस्कृती म्हणू नका! आमच्या लाखांदुराकडे कवेलूच्या घरापुढे छपरी असते. ती केवळ उन्हापावसाची सोय नव्हे. धानाची पोती तिथेच टेकतात, वाटसरू तिथेच पाणी पितो, सोयरीक तिथेच जुळते आणि मोडतेही. छपरीवर कोणी बसावे आणि कोणी अंगणात उभे राहावे, हे जात ठरवीत आली. तेव्हा मी तिची आरती ओवाळणार नाही. पण ती रस्त्याच्या कडेला होती. आकाशातल्या छपरीवर वाटसरू कोण येणार? घार?

कोरियांना हे कळत नव्हते असे नाही. त्याच दशकात नव्या मुंबईत बेलापूरला त्यांनी सामाईक अंगणाभोवती बुटकी घरे बांधली. घरवाल्याला ती पुढे आपल्या ऐपतीने वाढवता यावीत अशी. व्याख्याने झोडणाऱ्यांना मात्र मनोराच आठवतो.

आणि इकडे? २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, स्वयंपाकाची जागा त्यातच. सपाट प्रदेशात अनुदान १ लाख २० हजार. एवढ्यात छपरी कुठे बसवावी? म्हातारी माणसे दाराच्या पायरीवर उन्हाबरोबर सरकत बसतात. लोकसंस्कृतीचे ऋण मानणाऱ्या शिल्पज्ञांनी आधी या २५ मीटरांत छपरी बसवून दाखवावी. मनोऱ्याचे मग बघू.