आधी क्लीन वाजवून दाखवा

आमच्या म्युझिक क्लबला यंदा पैसे मिळाले, आणि पैसे मिळाल्यापासून क्लबमध्ये एक गाणं धड बसलेलं नाही. नुसती भांडणं. २००४ साली पास झालेल्या बॅचने एक लाख वीस हजार रुपये दिले, पोरांसाठी एक चांगला गिटार ॲम्प घ्या म्हणून. अट एकच घातली : दहा वर्षांनी आम्ही कॉलेजात आलो तर तो वाजला पाहिजे. खरेदी जूननंतर नवी कमिटी करणार. तोपर्यंत आम्ही फायनलवाले (केटीदेवी प्रसन्न असेल तर) बाहेर पडलेलो असू. म्हणून माझं मत इथे छापून ठेवतोय. मीटिंगमध्ये कुणी पूर्ण ऐकून घेतलं नाही, निदान मेसमध्ये पोळीची वाट बघताना तरी वाचाल.

ट्यूबचा ॲम्प घ्यायचा यावर आमचं एकमत आहे. हाय-गेन हवा, यावरही आहे. ज्या हॉस्टेलच्या भिंतींवर वेळापत्रकापेक्षा मेटल बँडची पोस्टर्स जास्त, तिथे दुसरं काय होणार? भांडण आहे ते ‘व्हर्सटाईल’ या शब्दावर. माझा रूमी म्हणतो, “सगळ्यात जास्त गेनवाला घ्यायचा. गेन कमी करता येतो, वाढवता येत नाही. सिंपल!” हे वाक्य ऐकायला बिनतोड वाटतं. मीही दोन वर्षं हेच बडबडत होतो.

मग गेल्या वर्षीचं गॅदरिंग झालं. आम्ही हट्टाने शंभर वॅटचा हेड आणि चार स्पीकरचं कपाट भाड्याने आणलं. ते टेम्पोतून उतरवताना चार जण लागले, आणि चौघांच्याही चेहऱ्यावर वरातीतला आनंद होता. कार्यक्रमात गाणी नऊ. त्यातलं मेटल किती? एक. साडेचार मिनिटांचं. बाकी दोन भावगीतं, चार हिंदी, एक गझल आणि शेवटी सगळे नाचतात ते एक. म्हणजे तो राक्षस आम्ही साडेचार मिनिटांसाठी आणला आणि उरलेला पाऊण तास त्याच्या क्लीन चॅनेलवर काढला. मास्टर एकवर ठेवला तर आवाज पत्र्याच्या डब्यातल्या डासासारखा. दीडवर नेला तर गाणारी मुलगी माझ्याकडे वळून बघायची. गेन शून्याजवळ आणला तरी तारेला जरा जोर लागला की खरखर. गझलेच्या अंतऱ्याला मी शेवटी व्होल्यूम बंद करून नुसता हात हलवत उभा राहिलो. माझ्या घरचे पहिल्या रांगेत होते. आई नंतर म्हणाली, “छान वाजवलंस रे.” ते मला अजून लागतं.

तर गेन कमी करता येतो हे अर्धसत्य आहे. ट्यूब ॲम्पमध्ये गेन येतो कुठून ते बघा. गिटारच्या पिकअपमधून साधारण १०० मिलिव्होल्ट येतात असं धरू. प्रीॲम्पमधली नेहमीची ट्यूब म्हणजे १२एएक्स७, युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. तिचा एक टप्पा प्रत्यक्ष सर्किटमध्ये साधारण ५० पट वाढवतो. तीन टप्पे लागोपाठ लावले तर कागदावर सव्वा लाख पट, म्हणजे साडेबारा हजार व्होल्ट! सप्लाय मात्र तीनशेच्या आसपास. लाट वर-खाली कापली जाते, आणि ते कापलं जाणं म्हणजेच आपलं लाडकं डिस्टॉर्शन. डिझायनरची खरी कारागिरी दोन टप्प्यांच्या मध्ये असते : किती सिग्नल गाळायचा, आणि बेस कुठे कापायचा. हाय-गेनमध्ये बेस आधीच कापावा लागतो, नाहीतर खालच्या तारांचा चिखल होतो. आता अशा ॲम्पमध्ये क्लीन चॅनेल बऱ्याचदा याच पहिल्या टप्प्यांवर भागवलेला असतो. नॉब खाली आणला की कापणं कमी होतं, पण काढून टाकलेला बेस परत येत नाही. म्हणून तो आवाज किरकिरा आणि उपाशी वाटतो.

उलट बाजूने बघा. चांगला क्लीन आणि मध्यम क्रंच असलेल्या ॲम्पच्या पुढे एक ओव्हरड्राइव्ह पेडल ठेवलं, त्याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण वर, की पेडल बेस थोडा कापतं आणि पहिल्या ट्यूबला धक्का देतं. झाला घट्ट हाय-गेन. आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर जगभरचे मेटलवाले याच कामाला वापरतात, अगदी ज्यांच्याकडे मुळात भरपूर गेनचे ॲम्प आहेत तेसुद्धा. गेन बाहेरून आणता येतो. क्लीन बाहेरून आणता येत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

नाही म्हणायला इतिहासही थोडा माझ्या बाजूने आहे. १९६२ च्या सुमारास पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या दुकानात जिम मार्शलच्या लोकांनी पहिला ॲम्प बनवला, तेव्हा त्यांनी फेंडर बासमनचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचललं होतं. (कॉपी करून सबमिशन देणाऱ्यांनी धीर सोडू नये.) बासमनमध्ये पहिली ट्यूब १२एवाय७ होती, यांनी तिथे ईसीसी८३ लावली, गेन वाढला. म्हणजे रॉकचा गाजलेला आवाज एका स्वच्छ आवाजाच्या, तोही बेस गिटारसाठी काढलेल्या ॲम्पच्या पोटी जन्मला. दुसऱ्या टोकाला पीव्हीचा ५१५०. १९९२ मध्ये एडी व्हॅन हेलनबरोबर काढलेला, नंतर ६५०५ नावाने विकला जाणारा. १२० वॅट. डिस्टॉर्शन असं की ऐकून कान तृप्त. पण त्याचा क्लीन ऐकून कुणी तो विकत घेतला असेल असं मला वाटत नाही. आमच्यातले सहा जण तोच मागतायत.

आता वॅटबद्दल, कारण इथे इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा डोकं बाजूला ठेवतात. सेलेस्चनचा व्हिंटेज ३० हा स्पीकर घ्या. १ वॅट दिला की १ मीटरवर १०० डेसिबल. २० वॅटला ११३, १०० वॅटला १२०. फरक सात डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे पाचपट वॅट घेऊन तुमचा आवाज दुप्पटही होत नाही. आणि निवासी भागाची कायद्याची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५! आपली प्रॅक्टिस रूम मेसच्या वर आहे. तिथे १ वॅटसुद्धा जास्त होतो. स्टेजवर तर ॲम्पसमोर माईक लावतातच. त्यामुळे २० ते ४० वॅट, आणि पॉवर कमी करायची सोय असेल तर उत्तम. शंभर वॅटवाला आपल्याकडे कायम मास्टर एकवरच राहणार. पहिल्या गिअरमध्ये बुलेट चालवायची, पेट्रोल मात्र पूर्ण.

चॅनेल आणि मोड मोजणाऱ्यांनाही एक सांगायचंय. मेसा बूगीचा मार्क फाइव्ह २००९ मध्ये आला, तीन चॅनेल, नऊ मोड, वर सरकत्या बटणांचा इक्वलायझर. सुंदर वस्तू आहे, बजेटबाहेरची आहे ते सोडा. पण क्लबच्या खोलीत रोज वीस जण नॉब फिरवतात. गॅदरिंगच्या दिवशी साउंडचेकला मिळतात दहा मिनिटं. नऊ मोडचा ॲम्प एकट्या मालकाचा असतो, सार्वजनिक ॲम्पला दोनच चॅनेल पुरे. मात्र मागच्या बाजूला इफेक्ट्स लूप हवाच. डिले आणि रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या नंतर आले पाहिजेत. आधी आले तर प्रतिध्वनीचंही डिस्टॉर्शन होतं आणि सगळा रस्सा एकत्र.

या सगळ्या हिशोबात मला मार्शलचा डीएसएल४०सीआर बसतो. ४० वॅट, २० वर आणता येतो, दोन ईएल३४, चार ईसीसी८३, बारा इंची स्पीकर, लूप. खोट आहे : दोन्ही चॅनेलना बेस-ट्रेबलचे नॉब एकच. क्लीनला जुळवलं की लीड जरा बोचरा लागतो. पण क्लीन खरंच क्लीन आहे, आणि आपण मागवलेल्या कोटेशनमध्ये पैसे उरतात. दुसरा कुठला आवडला तर जरूर घ्या, फक्त दुकानात गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं गेनला हात लावू नका. बोलण्याइतक्या आवाजात क्लीन वाजवा. मग गिटारचा व्होल्यूम अर्ध्यावर आणा, आवाज ब्लँकेटखाली गेला का बघा. मग वाजवायचं थांबा आणि नुसता हिस ऐका. रिफ सगळ्यात शेवटी. रिफने सुरुवात केलीत की विषय संपला, तुम्ही विकत घेतलंच म्हणून समजा.

“ट्यूब हवीच कशाला, मॉडेलर घे, पन्नास ॲम्प एकात,” असं कॉम्प्युटरवाले म्हणतील. डोळे बांधून ऐकवलंत तर मी दर वेळी फरक ओळखेन अशी पैज लावणार नाही. रूमवर हेडफोन लावून वाजवायला मॉडेलरच घ्या. पण अट दहा वर्षांची आहे. ट्यूब ॲम्पचं सर्किट मोठ्या कागदावर मावतं, बिघडलेला भाग बहुतेक वेळा डोळ्यांनी किंवा नाकाने सापडतो, रेझिस्टर-कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर मिळतात. साठ वर्षांपूर्वीचे ॲम्प असेच दुरुस्त होत आजही वाजतात. ट्यूबचं मात्र परावलंबन आहे. मोठ्या प्रमाणावर त्या आता स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्येच बनतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा महिनाभरात सगळीकडे टंचाई आणि भाववाढ. म्हणून उरलेल्या पैशांतून एक पूर्ण सेट आत्ताच घेऊन ठेवा.

आणि कृपा करून कुणाच्या अमेरिकेतल्या मामाकडून स्वस्तात ॲम्प मागवू नका. तिथला ॲम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. मागचं लेबल न वाचता आपल्या २३० व्होल्टला लावलात तर धूर. स्टेप-डाउन लावलात तरी फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला २० टक्के जास्त फ्लक्स सोसावा लागतो. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे वायवात विचारतात.

दोन गोष्टी मात्र मतं नाहीत, नियम आहेत. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करायचा नाही, आणि जोडायचा तो स्पीकरच्या जाड केबलने, गिटारच्या वायरने नाही. लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो सगळ्यात महाग भाग. दुसरं म्हणजे प्लग काढल्यावरही आतले फिल्टर कपॅसिटर तीन-चारशे व्होल्ट धरून बसलेले असू शकतात. ते लॅबमधल्या सरांसमोर डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

तिसरी गोष्ट आमच्या अंगाशी आलेली आहे. त्याच गॅदरिंगला हम येतो म्हणून कुणीतरी तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात खुपसला. हम गेला. दुसऱ्या गाण्यात मी कोरस द्यायला माईकजवळ गेलो, डावा हात तारांवर, आणि ओठांना असा चटका बसला की मी दोन पावलं मागे उडालो. लोकांना वाटलं, स्टेप आहे. टाळ्या पडल्या. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी अशाच प्रकारात, अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून, स्टेजवरच गेला. सत्तावीस वर्षांचा होता. हे मी नंतर वाचलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही. ओपन एअर स्टेजच्या बोर्डला अर्थिंग आहे की नाही हे आमच्यातल्या एकानेही तपासलं नव्हतं, आणि आम्ही अकरापैकी सात जण इलेक्ट्रिकल आणि ईएनटीसीचे.

एक लाख वीस हजारांतला पहिला खर्च त्या बोर्डवर करा. रेक्टर सरांशी मी बोललो आहे, ते अर्ज द्या म्हणाले. अर्जाचा मसुदा, तिन्ही कोटेशनं आणि २००४ च्या बॅचचं पत्र निळ्या फाईलमध्ये आहे. फाईल क्लबच्या कपाटात, किल्ली वॉचमन काकांकडे. कपाटाचं दार जरा उचलून उघडावं लागतं.