लोखंडी अंगठी आणि अडकलेला पगार

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींच्या गप्पांत एक मत हटकून ऐकू येते. ‘आम्ही काही पूल बांधत नाही, चुकले तर उद्या दुरुस्त करू,’ असे ते मत. कॉफीच्या पेल्यावर हसतखेळत ते मांडले जाते, म्हणून त्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. परंतु एखाद्या व्यवसायाची खरी नीती पुष्कळदा अशा सहज बोलण्यातूनच प्रकट होत असते. कॅनडात तर या मताला विशेष अर्थ आहे. त्या देशात पूल बांधणाऱ्यांनी एकदा फार मोठी किंमत मोजून धडा घेतला आणि त्याची खूण तेथील अभियंते आजही बोटात घालून वावरतात. त्याच देशात २०१६ साली एका सॉफ्टवेअरने लाखाहून अधिक सरकारी नोकरांच्या पगाराचा असा काही घोळ केला, की तो निस्तरण्यात वर्षामागून वर्षे गेली. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे ‘उद्या दुरुस्त करू’ या वाक्यातील ‘उद्या’ कोणाच्या खर्चाने उगवतो, ते कळून येते.

कॅनडात ‘इंजिनिअर’ ही बिरुदावली कोणालाही लावता येत नाही. प्रत्येक प्रांतात अभियंत्यांची नियामक संस्था असते, तिचा परवाना घ्यावा लागतो आणि परवानाधारकाच्या हातून गंभीर चूक झाल्यास तो काढूनही घेतला जातो. आपल्याकडे पदवी हाती पडली की मनुष्य अभियंता होतो. तेथे पदवीने केवळ दार उघडते. या नियमाविरुद्ध तेथील सॉफ्टवेअर व्यावसायिकांची जुनी तक्रार आहे. सीमेपलीकडे अमेरिकेत जो मनुष्य ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ म्हणवतो, त्याने उत्तरेकडे येताच ‘डेव्हलपर’ का व्हावे, असा त्यांचा सवाल. कंपन्यांचे म्हणणे असे, की जगभर हेच नाव रूढ असल्याने दुसऱ्या नावाने जाहिरात दिली तर चांगली माणसे मिळत नाहीत. अल्बर्टा प्रांतात हा वाद न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने एडमंटनच्या एका कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रांतिक विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे नाव सर्वांना मोकळे केले.

नावाचा प्रश्न तेथे सुटला. जबाबदारीचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला. बिरुद हवे, पण त्यामागचे बंधन नको, असा तर हा व्यवहार नाही ना, ही शंका घेण्यास जागा आहे. ती का घ्यावी लागते, हे समजण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

तारेने आलेला इशारा

सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेक शहराजवळ जगातील सर्वांत लांब गाळ्याचा कॅन्टिलिव्हर पूल उभारण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी चालू होते. बांधणारी कंपनी पेनसिल्व्हेनियातील फिनिक्सव्हिल येथील. नाव फिनिक्स ब्रिज कंपनी. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर हा मोठा नामांकित गृहस्थ. परंतु उतारवयामुळे व प्रकृतीमुळे तो न्यूयॉर्कमध्ये बसूनच काम पाहत असे. मधल्या गाळ्याची लांबी १,६०० फुटांवरून १,८०० फुटांपर्यंत वाढविण्यात आली. पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब त्या मानाने नव्याने मांडला गेला नाही. पुढे ती चूक ध्यानात आली, तरीही ‘चालण्यासारखे आहे’ असे ठरवून काम पुढे रेटण्यात आले.

ऑगस्ट १९०७ मध्ये पुलाच्या खालच्या अंगाच्या, दाब सोसणाऱ्या पोलादी भागांना बाक येत असल्याचे कामावरच्या माणसांना दिसू लागले. नॉर्मन मॅक्लूर हा तरुण अभियंता ती मोजमापे घेऊन न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्ट रोजी कूपरने ती पाहिली आणि पुलावर आणखी भार घालू नये, अशा आशयाची तार केली. तार गेली फिनिक्सव्हिलच्या कचेरीत. पुलावर ती वेळेत पोचलीच नाही. त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दक्षिणेकडील सारा सांगाडा नदीत कोसळला आणि ७५ कामगार प्राणास मुकले. त्यांतील ३० हून अधिक एकट्या काहनवाके या मोहॉक वस्तीतील होते. १९१६ मध्ये मधला भाग वर चढविताना पुन्हा अपघात होऊन आणखी १३ जण मरण पावले. १९१७ मध्ये पूर्ण झालेला तो पूल आजही उभा आहे.

पहिल्या अपघाताची चौकशी शाही आयोगाने केली आणि दोष कोणाच्या निर्णयाचा, हे नावानिशी सांगितले. पुढे १९२२ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील प्राध्यापक हॉल्टेन यांनी अशी कल्पना मांडली, की नव्या अभियंत्याने व्यवसायात पाऊल टाकताना आपल्या कर्तव्याची शपथ घ्यावी. शपथविधीची संहिता रुडयार्ड किपलिंगने लिहून दिली. आपल्या मुंबईतील जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला हा लेखक. त्याची साम्राज्यनिष्ठा आपल्याला रुचणारी नव्हे, पण त्याने लिहिलेला हा विधी कॅनडात टिकला. १९२५ मध्ये मॉन्ट्रियलला पहिला समारंभ झाला. त्या वेळी दिली जाणारी साधी लोखंडी अंगठी लिहित्या हाताच्या करंगळीत घालायची असते; म्हणजे नकाशा काढताना ती कागदाला घासत राहते आणि विसरू म्हटले तरी विसरू देत नाही. कोसळलेल्या पुलाच्या लोखंडापासून त्या अंगठ्या घडविल्या, असे सांगितले जाते. ते खरे नाही. परंतु ती आख्यायिका पिढ्यान् पिढ्या टिकावी, यातच त्या समाजाने अपघाताचा अर्थ कसा लावला ते दिसते.

दुसरा फिनिक्स

योगायोग असा, की ज्या सॉफ्टवेअरची गोष्ट येथे सांगायची आहे, त्याचेही नाव फिनिक्सच. कॅनडाच्या संघराज्य सरकारची पगारव्यवस्था सुमारे चाळीस वर्षांची जुनी झाली होती. ती मोडीत काढून नवी आणावी व ठिकठिकाणचे पगाराचे काम एका जागी गोळा करावे, असे २००९ मध्ये ठरले. जागा निवडली न्यू ब्रन्सविक प्रांतातील मिरामिची हे लहान गाव. तेथील बंदूक-नोंदणीचे कार्यालय बंद होणार असल्याने गावाला रोजगार देणे हाही त्यामागे हेतू होता. संगणकप्रणाली उभारण्याचे काम आयबीएमकडे देण्यात आले. योजनेचा खर्च सुमारे ३१ कोटी डॉलर धरला होता आणि त्यातून वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील, असा हिशेब होता.

वाचणार कसे? ४६ खात्यांत पगारबिलांचे काम पाहणारे सुमारे १,२०० कर्मचारी होते. त्यांच्याऐवजी मिरामिचीत सुमारे ५५० माणसे पुरतील, असे गृहीत धरले गेले. बहुतेक अनुभवी माणसे त्या गावी गेलीच नाहीत. ज्या वाचकांनी आस्थापना शाखेत काम केले आहे, त्यांना या एका निर्णयातच पुढचे सारे दिसेल. कोणाची बढती कोणत्या तारखेपासून धरायची, रजेच्या काळात कोणता भत्ता बंद होतो, वरच्या पदाचा तात्पुरता कार्यभार घेतला तर फरक कसा काढायचा, हे ज्ञान नियमांच्या पुस्तकात असते त्याहून अधिक त्या टेबलावर वर्षानुवर्षे बसलेल्या कारकुनाच्या डोक्यात असते. कॅनडात तर पगाराचे नियमच ८०,००० च्या वर होते. यंत्र हे सारे करील, या भरवशावर ते सिद्ध होण्याआधीच माणसे कमी करण्यात आली.

पुढे पैसा व वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा प्रणालीच्या ९८४ कार्यांपैकी शंभराहून अधिक एक तर गाळण्यात आली किंवा लांबणीवर टाकण्यात आली. मागील तारखेपासूनचा फरक काढण्याची सोय त्यांतच होती. एखाद्या खात्यात आधी प्रयोग करून पाहण्याचे ठरले होते, तेही रद्द झाले. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी पहिल्या टप्प्यातील खाती नव्या प्रणालीवर गेली आणि तक्रारींचा ओघ सुरू झाला. कर्मचारी संघटनांनी पुढचा टप्पा थांबविण्याची मागणी केली. ती मानली गेली नाही. २१ एप्रिलला उरलेली खातीही तीवर लोटण्यात आली. ‘आणखी भार घालू नका’ हा इशारा दुसऱ्यांदा दिला गेला होता, आणि दुसऱ्यांदा तो वाया गेला.

परिणाम काय झाला? १०१ खात्यांतील सुमारे २,९०,००० नोकरांचा पगार या प्रणालीतून निघत होता. कोणाला महिनोन्‌महिने काहीच मिळाले नाही, कोणाला कमी मिळाले, कोणाच्या खात्यात नको असताना जादा रक्कम जमा झाली. वर्ष उलटल्यावर, जून २०१७ मध्ये, दीड लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांची पगाराची प्रकरणे अडकलेली होती आणि चुकीच्या रकमांची बेरीज ५२ कोटी डॉलरपर्यंत गेली होती. जादा रकमेची कथा तर विलक्षणच. हाती पडलेला पैसा कर कापून आलेला. पण वर्ष संपल्यावर परतफेड करायची ती कर धरून पूर्ण रकमेची! चूक यंत्राची आणि भुर्दंड नोकराला, ही तऱ्हा थांबविण्यासाठी २०१९ मध्ये कायद्याकडे धाव घ्यावी लागली.

मे २०१८ मध्ये महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी आपल्या अहवालात या प्रकाराला ‘अनाकलनीय अपयश’ म्हटले. वाचायचे होते वर्षाला ७ कोटी. प्रत्यक्षात निस्तरण्याचा खर्च अब्जावधी डॉलरच्या घरात गेला. हा घाट हुजूर पक्षाच्या राजवटीत घातला गेला आणि अंमल उदारमतवादी पक्षाच्या राजवटीत झाला. तेव्हा दोन्ही पक्षांना एकमेकांकडे बोट दाखविण्याची सोय होती व त्यांनी तिचा उपयोग केला.

आक्षेप आणि उत्तर

येथे प्रोग्रॅमर मंडळी म्हणतील, की यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा दोष काय? निर्णय तर वरच्या अधिकाऱ्यांचे होते. हा आक्षेप खरा आहे. महालेखापरीक्षकांचा मुख्य ठपकाही प्रकल्पाच्या व्यवस्थापनावरच आहे. परंतु क्वेबेकच्या पुलावर रिव्हेट ठोकणाऱ्यांचाही दोष नव्हता. पुलाच्या नकाशावर आज परवानाधारक अभियंत्याचा शिक्का लागतो आणि त्या शिक्क्यामुळेच त्याला वरिष्ठापुढे ‘हे होणार नाही’ असे म्हणण्याचे बळ येते. लाखो माणसांच्या पगाराची प्रणाली सुरू करताना मात्र असा शिक्का कोणी मागत नाही. परवाना हे प्रोग्रॅमरच्या पायातील लोढणे आहे, असे जे समजतात, ते त्याची ही दुसरी बाजू विसरतात.

व्यक्तीची सदसद्‌विवेकबुद्धी पुरेशी आहे, असे कोणी म्हणेल. तिचे उदाहरणही कॅनडातच आहे. एक्सएमएल या संगणकीय मानकाच्या कर्त्यांपैकी एक असलेले टिम ब्रे हे व्हँकुव्हरचे रहिवासी. मे २०२० मध्ये त्यांनी अमेझॉनमधील उपाध्यक्षपद सोडले. महामारीच्या काळात गोदामांतील कामगारांच्या सुरक्षिततेविषयी आवाज उठविणाऱ्यांना कंपनीने काढून टाकले, हे त्यांना पटले नाही. या त्यागाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु साठी ओलांडलेला, कीर्ती व पैसा दोन्ही मिळविलेला मनुष्य जे करू शकतो, ते घराचे हप्ते फेडणाऱ्या तरुणाने करावे, अशी अपेक्षा कशी ठेवायची? त्या तरुणांत आज टोरोंटो-व्हँकुव्हरला गेलेली आपली मुलेही आहेत. त्यांना राजीनामा न देताही ‘थांबा’ म्हणता आले पाहिजे. त्यासाठी संस्थेचे व कायद्याचे पाठबळ लागते.

टोरोंटोच्या धातुशास्त्रज्ञ उर्सुला फ्रँकलिन यांनी १९८९ च्या आपल्या व्याख्यानमालेत तंत्रज्ञानाचे दोन प्रकार सांगितले होते. एकात कारागीर काम आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः पाहतो. दुसऱ्यात कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला ठरलेला तुकडा दिला जातो. दुसऱ्या प्रकारात उत्पादन वाढते, पण त्याबरोबर माणसाला निमूटपणे आज्ञा पाळण्याची सवय जडते, हा त्यांचा इशारा होता. नात्झींच्या श्रमछावणीतून वाचलेल्या या विदुषीला आज्ञाधारकतेची किंमत ठाऊक होती. फिनिक्स सुरू झाले त्याच वर्षी, २०१६ मध्ये, त्यांचे निधन झाले.

या साऱ्यातून तीन साध्या मागण्या निघतात. लोकांच्या पगाराशी, निवृत्तिवेतनाशी वा औषधपाण्याशी संबंध असलेली कोणतीही प्रणाली सुरू करण्यापूर्वी, ती सुरक्षित आहे असे नावानिशी लिहून देणारा जबाबदार तज्ज्ञ असावा. ती वापरणाऱ्या कारकुनांना आरंभापासून विचारले जावे आणि त्यांचा ‘थांबा’ हा शब्द वरपर्यंत पोचण्याची वाट खुली असावी. नवे सिद्ध होईपर्यंत जुने मोडू नये आणि जुने जाणणारी माणसे घालवू नयेत. यांतील एकही मागणी यंत्रविरोधी नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे शब्द खिडकीपाशी उभे राहून ज्यांनी ऐकले आहेत, आणि खिडकीच्या आत बसून ज्यांना ते नाइलाजाने उच्चारावे लागले आहेत, त्या दोघांनाही त्या पटतील.

अल्बर्टातील प्रोग्रॅमरांना ‘इंजिनिअर’ हे नाव मिळाले, त्याबद्दल त्यांचा हेवा करण्याचे कारण नाही. परंतु ७५ माणसांच्या मृत्यूनंतर ज्या व्यवसायाने स्वतःच्या हातात अंगठी घालून घेतली, त्याचे ते नाव आहे. ते लावणाऱ्यांनी पूल आणि पगार यांत फरक करणे आता सोडले पाहिजे.