कोल्ह्याला बोलावायची शिट्टी

तर झालं असं, की परवा आमच्या भाच्याचा कॅन्सासहून व्हॉट्सअ‍ॅप आला. "मामा, कायोटी कॉल घ्यायचाय, हातातला. ऑफिसमधले दोघं-तिघं जानेवारीत शिकारीला चाललेत, मलाही बोलावलंय. क्लोज्ड रीड घेऊ की ओपन रीड? की सरळ इलेक्ट्रॉनिक?"

मी मेसेज दोनदा वाचला. वलगावच्या माणसाला कायोटीची शिट्टी कोणती घ्यावी हे विचारणारा जगातला हा पहिलाच इसम असावा. पण त्याने विचारलं त्यालाही कारण आहे. लहानपणी उन्हाळ्यात आजोळी आला की तो माझ्यामागे लागायचा, "मामा, सशाचा आवाज काढून दाखव ना." हाताच्या मागच्या बाजूला ओठ लावून हवा आत ओढली की किर्रर्र असा चिरका आवाज निघतो, तो मी काढायचो आणि अंगणातली मांजर कान टवकारायची. तेवढ्या भांडवलावर मी त्याच्या लेखी या विषयातला तज्ज्ञ!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. (ठाऊक नसणाऱ्यांत गेल्या आठवड्यापर्यंत मीही होतो.) कायोटी म्हणजे अमेरिकेतला कोल्हा म्हणा. आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा, लांडग्यापेक्षा लहान. मूळचा पश्चिमेकडच्या माळरानांचा, पण लांडगे संपत गेले तसा पसरत गेला आणि आज हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत आहे. कॅन्सासमध्ये त्याची शिकार वर्षभर खुली असते. ती करायची रीत अशी, की वारा तोंडावर येईल अशा जागी लपून बसायचं आणि जखमी सशाच्या किंकाळीची नक्कल करायची. फुकटचं जेवण दिसतंय म्हणून कायोटी येतो. हुशार असेल तर सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याखालून वास घेत येतो. सुरुवात हळू आवाजात करायची, कारण एखादा जवळच्याच झुडपात असू शकतो. पाव-अर्ध्या तासात काही आलं नाही तर उठून पुढची जागा.

आता शिट्ट्या. क्लोज्ड रीड म्हणजे जिची पट्टी नळीत बंद असते ती. नुसतं फुंकायचं, आवाज निघतो. नवशिक्याला बरी, पण तिचा गळा एकच. शिवाय थंडीत श्वासाची वाफ पट्टीवर गोठून ती ऐन वेळी मुकी होते म्हणतात. ओपन रीडची पट्टी उघडी असते. तिच्यावर ओठ-दात कुठे टेकवले त्याप्रमाणे आवाज बदलतो. ससा, उंदीर, पाखरू, कायोटीचं पिल्लू, सगळं एकाच शिट्टीतून निघू शकतं, पण त्यासाठी महिना-दोन महिने घरच्यांच्या शिव्या खाव्या लागतात. तिसरा प्रकार टाळूला चिकटवायच्या पातळ पडद्याचा. त्यात दोन्ही हात मोकळे राहतात. आणि मग ते इलेक्ट्रॉनिक यंत्र: शेकडो आवाज आत भरलेले, कर्णा लांब ठेवायचा, रिमोट आपल्या हातात. कायोटी कर्ण्याकडे बघत येतो, माणूस भलतीकडेच बसलेला असतो.

एवढं वाचून झाल्यावर मला एकदम हसू आलं. आमच्याकडे आता शेताशेतात बॅटरीवरचे भोंगे आलेत. मेमरी कार्डात कुत्र्याचं भुंकणं, माणसांची आरडाओरड, वाघाची डरकाळी भरायची आणि रात्रभर वाजवत ठेवायचं, म्हणजे रोही आणि रानडुकरं तुरीत शिरत नाहीत. (चार दिवस शिरत नाहीत. पाचव्या दिवशी भोंग्याच्या बुडाशीच उकरून ठेवतात.) यंत्र तेच. तिकडे जवळ बोलावण्यासाठी, इकडे हाकलण्यासाठी.

असो. भाच्याला उत्तर द्यायला बसलो आणि अडलो. अडलो ते एका जुन्या गोष्टीपाशी.

१९७८-७९ च्या सुमाराची गोष्ट असेल, मी दहाएक वर्षांचा. हिवाळ्यात आमच्या वावराच्या धुऱ्याला एक फासेपारधी यायचा. बेडा लांब कुठेतरी, पण पेढीच्या काठाने हिंडत तो आमच्यापर्यंत पोचायचा. सोबत एक शिकवलेली गाय. तिच्या आडून चालायचा, म्हणजे पाखरांना नुसती गायच दिसायची. खांद्यावर फाशांची गुंडाळी आणि पिंजऱ्यात एक पाळलेला तितर. फासे ओळीने लावून झाले की तो आडोशाला बसायचा आणि तितराची हाक द्यायचा. शिट्टी नाही, पान नाही, नुसता गळा आणि तोंडासमोर धरलेली ओंजळ. पिंजऱ्यातला तितर उत्तर द्यायचा, मग लांबून कुठूनतरी रानातला. मग तो रानातला जवळ, आणखी जवळ यायचा. माझ्या अंगावर काटा यायचा.

मी त्याच्यामागे लागलो, मला शिकव. हसला. म्हणाला, "बापू, तोंडातून नाही, गयातून काढ." तितर मला शेवटपर्यंत जमला नाही. सशाची किंकाळी मात्र जमली, ती त्यानेच शिकवली. आणि शिकवताना एक सांगितलं, "पिल्लावाली असन तवा बोलवाचं नाही. अन् आला तर मग पाह्यत बसाचं नाही."

तो कुणी संत होता असं मला म्हणायचं नाही. पकडलेले तितर-लावे तो बाजारात विकायचाच. १९७२ चा वन्यजीव कायदा तेव्हा येऊन सहा-सात वर्षं झाली होती. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पोटाला लावलेली त्याची विद्या तोवर गुन्हा ठरली होती, हे त्यालाही माहीत होतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारायला सुरुवात केली, त्यात पुढे पारधीही आले. तो कायदा १९५२ साली गेला. शिक्का काही गेला नाही. गावात कुठे चोरी झाली की पोलीस आधी बेड्यावर, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या त्यात बरं हे, की तीच नजर, तेच कान आज दुसऱ्या कामालाही लागलेत. कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेच्या कौस्तुभ पांढरीपांडे यांच्यासोबत अकोला-वाशीमकडचे फासेपारधी गवताळ रानं राखतात, तणमोरासारखं दुर्मीळ पाखरू टिकावं म्हणून.

तर ती किंकाळी. त्याच वर्षी भुईमुगात कोल्हे यायला लागले म्हणून काका जागलीला जायचे. एका रात्री मीही गेलो. चांदणं होतं. काकांना म्हटलं, कोल्हा बोलावून दाखवू? "बोलाव बे," काका म्हणाले. मी हाताला ओठ लावले.

पाच मिनिटंही लागली नसतील. पऱ्हाटीच्या ओळीतून तो निघाला आणि आमच्यापासून दहा-बारा पावलांवर येऊन थांबला. मान तिरपी करून बघत होता. भुईमुगाकडे त्याचं लक्षही नव्हतं. कान पुढे, एक पाय उचललेला, ससा कुठे दिसत नाही याचं त्याला नवल वाटत असावं. मी आनंदाने काकांकडे पाहिलं तर त्यांची गोफण फिरून सुटलेलीसुद्धा होती. दगड मागच्या पायाला लागला. जो ओरडला, तो आवाज थेट मी काढलेल्या आवाजासारखाच होता. तीन पायांवर लंगडत नदीकडे गेला. काका खूश. घरी येऊन त्यांनी माझं कौतुक केलं, "पोट्ट्यानं कोल्हा आणला." मी तेव्हा काही बोललो नाही. काकांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही, भुईमूग त्यांचा होता. पण त्या कोल्ह्याने शेंगा खाल्ल्या होत्या की दुसऱ्या कुणी, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तो आला तो भूक लागली होती आणि मी बोलावलं म्हणून.

माझी या सगळ्या प्रकाराबद्दलची तक्रार खरं म्हणजे एवढीच आहे. शिकार म्हटली की नाक मुरडायचं, असा मी नाही. रानडुकराने उकरलेलं हरभऱ्याचं वावर ज्याने सकाळी उठून पाहिलंय त्याने प्राणिप्रेमाची व्याख्यानं देऊ नयेत, आणि ऐकूही नयेत. आपल्या कायद्यातही पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराविरुद्ध परवानगी मागायची सोय आहे. तिकडच्या मेंढपाळाची कोकरं कायोटी नेत असेल तर त्याने बंदूक उचलावी, माझी हरकत नाही. पण शिट्टी फुंकल्यावर कोकरं नेणाराच कायोटी येतो असं थोडंच आहे? जो भुकेला असेल, जो त्या वर्षीचं पोर असेल, ज्याने अजून माणसाची ही लबाडी पाहिलेली नसेल, तो आधी येतो. मुरलेला चोर लांबूनच वास घेऊन परत जातो. मग मारला कोण? शिवाय मारून ते कमी होतात असंही दिसत नाही. अमेरिकेचं सरकारी खातंच दर वर्षी पन्नास हजारांहून जास्त कायोटी मारतं आणि तरीही तो प्राणी देशभर पसरलेला आहे. उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात, असं तिथले अभ्यासक सांगतात.

जिम कॉर्बेटही हाक द्यायचा. नोव्हेंबर १९३८ मध्ये ठाकच्या नरभक्षक वाघिणीला त्याने संध्याकाळच्या उजेडात नराचा आवाज काढून समोर आणलं. पण ती वाघीण कोण, तिने कुणाकुणाला नेलं, ती त्या क्षणी कुठे हिंडते आहे आणि नराला का शोधते आहे, हे सगळं त्याला माहीत होतं. हाक तिच्याच नावाची होती म्हणा ना.

हे सगळं मी भाच्याला फोनवर ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं (आमच्या ताईचे संस्कार) आणि मग शांतपणे म्हणाला, "मामा, आणि तुमचा तो रानपिंगळा?"

बरोबर वर्मावर बोट ठेवलं पोराने. हा किस्सा मीच कधीतरी त्याला कौतुकाने सांगितला होता.

रानपिंगळा म्हणजे आपल्या मेळघाटचं वैभव. शंभरहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता, नामशेष झाला असं धरून चालले होते, आणि १९९७ मध्ये शहाद्याकडच्या जंगलात तो पुन्हा सापडला. पुढे मेळघाटात त्याची बऱ्यापैकी संख्या असल्याचं कळलं. त्याचा शोध घेताना अभ्यासक ध्वनिमुद्रित आवाज वाजवतात आणि उत्तर येतं का ते ऐकतात. ते बघून आम्हा हौशी मंडळींनाही वाटलं, आपणही वाजवू. २०११ च्या जानेवारीत सेमाडोहच्या बाजूला आम्ही चौघं गेलो होतो. मोबाइलला छोटा स्पीकर जोडला आणि हाक वाजवली. दिवसा हिंडणारा पिंगळा, लगेच आला. चोचीत सरडा होता. घरट्यात मादीला द्यायला निघाला असणार. आम्ही वाजवत राहिलो, तो या फांदीवरून त्या फांदीवर, छाती फुगवून, न दिसणाऱ्या दुसऱ्या नराला शोधत. सरडा तसाच चोचीत. फोटो छान येत होते. वीस मिनिटांनी सोबतचा कोरकू वाटाड्या म्हणाला, "साहेब, बस झालं आता." तोवर आमच्या चौघांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

म्हणजे आवाज काढून फसवायचं आणि मग बघत बसायचं. पारध्याने जे करू नको म्हणून सांगितलं होतं नेमकं तेच. आणि मी कायोटीच्या शिकाऱ्याला नावं ठेवतोय. बंदूक नव्हती एवढाच फरक, आणि तो फरक मोठा आहे हे मला कळतं, पण त्या पिंगळ्याच्या मादीला तो कळला असेल असं वाटत नाही.

त्यानंतर मी स्पीकर वापरलेला नाही. गळ्याने हाक दिली तर दोन-चार मिनिटांत दम लागतो, आवाज फाटतो, आपण थांबतो. यंत्राला दम लागत नाही. आणि तोंडाने हाक द्यायची तर आधी त्या जनावराला महिनोन्‌महिने ऐकावं लागतं, ते यंत्रात लागत नाही. हा फरक अमेरिकेच्या कायद्यालाही कुठेतरी पटलेला दिसतो. बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत तोंडाने फुंकायची शिट्टी चालते, मुद्रित आवाज वाजवायला मात्र सहसा बंदी आहे. कायोटीला ती मुभा नाही. बिचारा पक्षी नाही ना!

तर भाच्याला माझं उत्तर असं गेलं: घ्यायचीच असेल तर ओपन रीड घे. स्वस्त असते, शिकायला वेळ लागतो, आणि वेळ लागतो म्हणूनच घे. यंत्र घेऊ नको. पहिल्यांदा जाशील तेव्हा बंदूक गाडीत ठेव, नुसती शिट्टी घेऊन बस. आला तर त्याला नीट बघ. त्यानंतर काय करायचं ते तुझं तू ठरव, मी विचारणार नाही. (खोटं आहे, विचारणारच.)

त्याने अंगठा पाठवला. आजकालच्या पोरांच्या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून कळलेलं नाही.

काल रात्री त्याचा एक ऑडिओ आला, अकरा सेकंदांचा. शिट्टी आलेली दिसते. मी ओसरीत बसून लावला आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, मांजरीच्या पिल्लाले कोन मारून राह्यलं बाहेर?" अंगणातलं कुत्रं उठून फाटकापर्यंत जाऊन आलं. मी दुसऱ्यांदा लावला नाही. भाच्याला लिहिलं, सुरुवात चांगली आहे, पण तोंडातून काढतोयस, गळ्यातून काढ.

जानेवारीत तो गेला की काय झालं ते इथे लिहीनच.