शेऱ्याआधीचे काम

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींना अनुसरून ग्रामीण विकासाचा बराचसा कारभार लोकनियुक्त सभासदांच्या हाती गेला. परंतु त्या सभासदांस निर्णयापूर्वी हिशेब, तुलना आणि पर्याय सिद्ध करून देणाऱ्या विश्लेषकाची तजवीज मात्र त्या मानाने तोकडीच राहिली.

एखाद्या ग्रामपंचायतीची घरपट्टी का थकते, एवढ्या साध्या प्रश्नाचा छडा लावावयाचा तरी नमुना 8 मधील आकारणी, नमुना 9 मधील मागणी आणि पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती शेजारी शेजारी मांडून ओळीमागून ओळ ताडून पाहावी लागते. तेव्हा कोठे ध्यानात येते की, ज्या थकबाकीपायी आपण गावाला तगादा लावीत आलो, तिच्यात मयताच्या नावे चालत आलेली घरे आणि केव्हाच जमीनदोस्त झालेल्या भिंतीही धरलेल्या असू शकतात. हे सारे टिपणीच्या चार ओळींत मावते, आणि वरिष्ठांस (रागावू नये!) बहुधा पाचवी ओळ वाचण्याची सवय नसते.

अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात कागदपत्रे सहा गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत घालून देऊन दप्तराला शिस्त लावली. त्या दप्तरातून अर्थ काढणारा माणूस नेमणे ही पुढची पायरी होय. पदांचा आकृतिबंध पुन्हा ठरेल तेव्हा प्रत्येक पंचायत समितीत असे एक पद धरावे, आणि त्याची टिपणी अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी सभासदांच्या हाती पडावी.