आपला तो बाब्या

सोमवार, 9 डिसेंबर 2024. न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसची पॅन्ट्री. बाहेर कडाक्याची थंडी, आत सुतकी शांतता. कॉफी मशीनपाशी आमचा यांकीजवाला उभा. चेहरा असा, की घरातलंच कुणी गेलंय. मी हळूच विचारलं, "काय रे, सगळं ठीक?"

"सोतो गेला."

गेला म्हणजे मेट्सकडे! त्या सीझनला यांकीजसाठी 41 होम रन ठोकणारा, टीमला वर्ल्ड सीरीजमध्ये नेणारा हुआन सोतो त्याच शहरातल्या दुसऱ्या टीममध्ये. 15 वर्षं, 76 कोटी 50 लाख डॉलर. यांकीजची ऑफर म्हणे 16 वर्षं, 76 कोटींची होती.

मंडळी, बेसबॉल मला जेमतेम कळतो. पण त्याचा ऑफसीझन? एक नंबर! मैदानं बंद, तोंडं चालू. या गप्पांना 'हॉट स्टोव्ह' म्हणतात. पूर्वी लोक थंडीत शेगडीभोवती बसून कोण कुठल्या टीममध्ये जाणार याच्या गप्पा छाटायचे, म्हणून. आमच्याकडे शेगडीच्या जागी मायक्रोवेव्ह आहे, एवढाच फरक.

"गद्दार!" यांकीजवाला म्हणाला. "आणि हे पेपरवाले त्याच्या एजंटच्या खिशात." निळा-नारिंगी स्कार्फ मिरवत आलेली मेट्सवाली म्हणाली, "एक वर्षापूर्वी तो तुमच्याकडे आला, तेव्हा हेच पेपरवाले हुशार होते ना?"

खरं तर यांकीजवाल्याचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. बातमीदाराला सगळ्यांच्या आधी बातमी हवी, एजंटला भाव चढायला हवा. मग 'आणखी एक टीम उत्सुक आहे' अशी पुडी सुटते. ती टीम कोणती, ते गुलदस्त्यात. 2023च्या डिसेंबरात तर शोहेई ओहतानी टोरोंटोला निघाल्याची बातमी आली, लोक विमानाचा माग काढत बसले. विमानात निघाला भलताच माणूस, आणि ओहतानी गेला डॉजर्सकडे.

इतक्यात आमचा बॉस्टनवाला सरसावला. त्याची जखम 1999ची. त्या वर्षी रेड सॉक्सचा पिचर पेद्रो मार्टिनेझ 23 मॅच जिंकला, फक्त 4 हरला. एमव्हीपीच्या मतदानात पहिल्या क्रमांकाची सर्वाधिक मतं त्यालाच. तरी 252 विरुद्ध 239 गुणांनी अवॉर्ड गेलं टेक्सासच्या इव्हान रॉड्रिगेझकडे. कारण मत देणाऱ्या दोन पत्रकारांनी दहा जणांच्या यादीत पेद्रोचं नावच घातलं नव्हतं. "आणि त्यातला एक न्यूयॉर्कचा! अजून काय पुरावा पाहिजे?"

"आणि दुसरा?" मी विचारलं.

तो गप्प. मी मोबाइलवर शोधलं. दुसरा मिनेसोटाचा. बॉस्टनशी त्याचं ना देणं, ना घेणं. पंचवीस वर्षं हा गडी एकाच पत्रकाराला शिव्या घालत होता. दुसरा सोयीचा नव्हता, म्हणून आठवतच नव्हता.

झालं, सगळ्यांनी मला अंपायर केलं. 'तू न्यूट्रल आहेस, तू सांग.' मग काय, मीही सुटलो. म्हटलं, 76 कोटींवर 50 लाख म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. तेवढ्यासाठी कुणी आपली माणसं सोडतं का? निष्ठा नावाची काही चीज असते! यांकीजवाल्यानं मला मिठीच मारली.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. शुक्रवारपासून माझ्या मेलबॉक्समध्ये एक ऑफर लेटर पडलं होतं. रस्त्यापलीकडच्या कंपनीचं. एक टक्क्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त. टाय-अप नाही, ट्रान्सफर नाही, चक्क राजीनामा.

गुरुवारी मी पेपर टाकले. सगळ्यात आधी सांगितलं यांकीजवाल्यालाच. चार वर्षं शेजारी बसलेला माणूस. आईच्या ऑपरेशनच्या वेळी माझ्या रात्रीच्या शिफ्ट यानंच केल्या होत्या. त्यानं शांतपणे विचारलं, "पैशांसाठी?"

"छे रे! ग्रोथसाठी," मी म्हणालो.

तो कॉफी ढवळत राहिला. मग म्हणाला, "सोतोबद्दल मेट्सवालीही हेच सांगते."

मी हसलो. तो नाही हसला.

पत्रकारांचा बायस आपल्याला लांबून दिसतो. आपला स्वतःचा मात्र आपण प्रोफाइलमध्ये 'करिअर मूव्ह' म्हणून लिहितो. आता मी रस्त्यापलीकडे बसतो. खिडकीतून जुनं ऑफिस दिसतं. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या पॅन्ट्रीत एकदा जाऊन आलो. यांकीजवाल्यानं कॉफी दिली, आणि मेट्सवालीला म्हणाला, "आला बघ आपला सोतो."