भय हें नीतीचें रक्षक नव्हे

नीतीच्या रक्षणासाठीं रोगाचें भय शिल्लक राहिलें पाहिजे, असें मानणारा मोठा वर्ग आपल्या सुशिक्षित समाजांत आहे. एच्. आय्. व्ही.ची तपासणी सुलभ झाली आणि शंकास्पद शरीरसंबंधानंतर घ्यावयाच्या औषधांची माहिती तरुणांच्या हातीं पडली, तर स्वैराचाराला परवानाच मिळेल, अशी या वर्गाची तक्रार असते. तक्रार करणारे दुष्ट नसतात. बहुधा ते मुलांच्या हिताची चिंता वाहणारे आईबापच असतात. परंतु हेतु शुद्ध असला म्हणजे युक्तिवादही शुद्ध होतो असें नाहीं. आणि हा युक्तिवाद तर मुळांतच चुकलेला आहे.

भयानें मनुष्य परावृत्त होतो असें क्षणभर गृहीत धरूं. मग तें भय प्रसंगापूर्वीं जागें असावयास हवें. प्रत्यक्षांत तें जागें होतें दुसऱ्या दिवशीं सकाळीं! झालेली गोष्ट त्याला परतवितां येत नाहीं. पुढें जें करावयाचें त्यापासून मात्र तें मनुष्याला हमखास परतवितें. आणि येथें तर वेळेलाच सारें मोल आहे. संसर्गाची खरी शक्यता असेल, तर प्रतिबंधक औषधें होतील तितक्या लवकर, उशिरांत उशिरा ७२ तासांच्या आंत, सुरू करावीं लागतात व २८ दिवस घ्यावीं लागतात. ते पहिले तीन दिवस आपला तरुण कसे घालवितो? घरच्या डॉक्टरांकडे जावें, तर ते वडिलांचे स्नेही. औषधाच्या दुकानांत विचारावें, तर दुकानदार ओळखीचा. तो गप्प बसतो आणि औषधाची घटका टळून जाते. ज्या भयाला आपण नीतीच्या दारावर पहाऱ्यास बसविलें, तेंच शेवटीं रोगाला दार उघडून देतें.

दुसरा प्रकार याच्या उलट, पण त्याच मुळाचा. कांहीं जण तपासणी करतात आणि करीतच राहतात. चौथ्या दिवशीं केलेल्या तपासणीनें निर्वाळा मिळत नाहीं, कारण विषाणूच्या खुणा रक्तांत दिसूं लागण्यास कांहीं काळ जावा लागतो. प्रतिजन व प्रतिपिंड असे दोन्ही शोधणाऱ्या प्रयोगशाळेंतील चाचणीला १८ ते ४५ दिवस लागतात. केवळ प्रतिपिंड शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस. ही मुदत उलटल्यावर, मध्यंतरीं नवा प्रसंग घडला नसेल, तर ‘बाधा नाहीं’ हा निर्णय अखेरचा समजावा; प्रतिबंधक औषधें घेतलीं असल्यास मुदत डॉक्टरांनीं ठरवावी. तरीही हा मनुष्य चवथ्यांदा दुसऱ्या प्रयोगशाळेचा जिना चढतो आणि साध्या पडशालाही रोगाचें लक्षण समजतो. असें कां व्हावें? त्याचा प्रश्न विषाणूविषयीं नसतोच. ‘मी पापी आहें काय?’ असें तो आपल्या रक्ताला विचारीत असतो. आणि या प्रश्नाचें उत्तर जगांतील कोणतीही चाचणी देऊं शकत नाहीं. रोग म्हणजे शिक्षा, हें समीकरण त्याला आपणच पढविलें. शिक्षा ठरलेलीच आहे असें मानणाऱ्याला निर्दोष सुटल्याचा निकाल खरा कसा वाटावा?

समाज तपासणीलाच शिक्षेचें रूप देतो तेव्हां काय होतें, हें गोव्यानें पाहिलें आहे. १९८९ मध्यें डॉमिनिक डिसूझा या तरुणाला केवळ रक्तांत विषाणु सांपडला म्हणून पोलिसांकरवीं नेऊन ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवण्यांत आलें. त्याचें रक्त हातीं आलें होतें तें त्यानें रक्तदान केल्यामुळें! अशा उदाहरणावरून लोक संयम शिकत नाहींत. तपासणीपासून दूर राहण्यास शिकतात. सुदैवानें कायदा पुढें शहाणा झाला. २०१७ चा एच्. आय्. व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. संमतीवांचून तपासणी करूं नये व निकाल गुप्त ठेवावा, हा त्याचा दंडक आहे. सरकारी रुग्णालयांतील केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. कायदा सुधारला, घरें सुधारावयाचीं राहिलीं.

महाराष्ट्राला तरी हा उपदेश नवा वाटूं नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरें दिलीं. त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तेव्हां त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें. आज आपण कर्व्यांचा गौरव करतों, आणि आपल्याच मुलानें तसला प्रश्न विचारला तर खोलीबाहेर निघून जातों.

‘मग नीतीचें काय?’ असें कोणी विचारील. नीति हवीच, परंतु तिची पहिली अट अशी कीं, आपल्या कृत्याचा भार दुसऱ्यावर पडूं नये. भिऊन तपासणी टाळणारा पति तो भार अजाण पत्नीच्या माथीं ठेवतो. बाधा वेळीं कळली, तर २००४ पासून सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळणारे उपचार त्याला दीर्घायुष्य देऊं शकतात. आणि नियमित औषधांनीं विषाणु रक्तांत सांपडेनासा झाला व तसाच राहिला, म्हणजे शरीरसंबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाहीं. जाणून घेणें हेंच येथें सदाचरण आहे, आणि अज्ञान हाच अनाचार.

यास्तव आईबापांना व डॉक्टरांना एवढेंच सांगणें कीं, घाबरलेला तरुण दाराशीं आला असतां प्रवचन मागाहून करावें. आधीं ‘किती तास झाले?’ असें विचारावें. प्रवचनाला उभा जन्म पडला आहे. त्या प्रश्नाला तीनच दिवस आहेत.